न आढळलेल्या डिस्कचे पाणी

जुन्या यंत्रावर नवी प्रणाली अखेर बसली आणि गल्लीला पाणी आले. ही घटना घडलेलीच नाही; तेव्हा वाचकांनी ती मनातून काढून पुढे वाचावे.

पाणीखात्याच्या तळमजल्यावर एक म्हातारा संगणक होता. कुठल्या गल्लीचा नळ कधी सोडायचा, हे त्याच्या डिस्कवर असे. खात्याने त्यावर युनिक्सच्या घराण्यातली नवी प्रणाली घालायचे ठरवले (जुनी नीट चालत होती, एवढे कारण पुरेसे होते). काम दुरुस्तीवाल्याकडे आले. पाणी मात्र आधी बंद पडले ते त्याच्याच आत्याच्या गल्लीचे.

नव्या प्रणालीने इकडेतिकडे पाहून जाहीर केले: ‘डिस्क आढळली नाही.’ डिस्क शेजारीच घरघरत होती. दोघींच्या मधे निरोप्याचे काम करणारे कंट्रोलर कार्ड जुने. त्याची बोली नवीला कळेना. ती शिकवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम खात्याने जिवापाड जपला होता, त्याच डिस्कवर.

“साहेब, पेटीला कुलूप आणि किल्ली पेटीत,” दुरुस्तीवाला खात्याच्या साहेबांना म्हणाला.

“पेटी कुठली? यंत्र म्हणतंय नाही, म्हणजे नाही.”

“मग ही घरघर?”

“ती आपल्या विभागात येत नाही.”

डिस्क गैरहजर ठरली. घरघरीला तात्पुरती मंजुरी मिळाली. (या निर्णयावर शंभरांपैकी एकशे चार नागरिक समाधानी आढळले.)

आत्याचा फोन आला. “गाढवा, जगाची यंत्रं दुरुस्त करतोस आणि इथे चूळ भरायला थेंब नाही!”

“आत्या, डिस्क दिसत नाहीये गं.”

“मग माझा चष्मा ने!”

शेवटी त्याला भंगारात त्याहून जुने कार्ड सापडले. नव्या प्रणालीची ओळख बापाशी नव्हती, पण आजोबांशी होती. साहेब जेवायला गेल्यावर त्याने ते बसवले. डिस्क आढळली. आत्याचा नळ खाकरला, थुंकला आणि वाहू लागला. आत्याने घरातले एकूण एक भांडे भरले, चहाची गाळणीसुद्धा धरून पाहिली.

साहेब परतले, तर गैरहजर डिस्क कामावर असताना पकडली गेली. गैरहजराने सोडलेले पाणी अधिकृत कसे? आजोबांची रवानगी पुन्हा भंगारात झाली आणि आत्याच्या दारावर सूचना लागली:

‘न आलेले पाणी संबंधितांनी त्याच नळाने, त्याच दाबाने परत करावे. हा प्रकार वाचून त्याचे साक्षीदार झालेल्यांनी, आपण तो वाचलेला नाही, असे वाचण्याआधीच्या तारखेने लेखी कळवावे. तोवर त्यांच्या घरचे नळ आढळले नाहीत, असे धरले जाईल. कृपया आता उठून ते सोडून पाहू नयेत, ही नम्र विनंती.’