डबल ॲक्शनवाले टिपणीस

"कारण काय लिहिलंय तुम्ही इथं?" पोलीस कचेरीतल्या कारकुनानं अर्जावर पेन्सिल आपटत विचारलं.

"नेमबाजी," टिपणीस म्हणाले. तेवढ्यानं भारदस्त वाटेना, म्हणून पुढे जोडलं, "स्पोर्ट."

"मग स्पर्धेचा दाखला कुठाय?"

"कसली स्पर्धा?"

"ते मला काय विचारता? नेमबाज तुम्ही की मी?" कारकुनानं अर्ज परत सरकवला. "लायसन संपायला तीन महिने आहेत. स्पर्धेत भाग घेतल्याचा दाखला आणा, नाहीतर हत्यार जमा करा. चला, पुढचा कोण?"

नंदकिशोर टिपणीस कांदिवलीला घरी आले ते तोंड पाडून. एका रंगाच्या कंपनीत ते खरेदी विभागाचे हेडक्लार्क होते. वय शेहेचाळीस. घरातली झुरळं त्यांची बायको शुभा मारायची. असल्या माणसाकडे रिव्हॉल्व्हर यावं ही सगळी मामांची कृपा. मामा वनखात्यात साहेब होते आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी भाच्यासाठी दोन वस्तू ठेवल्या. एक सांबराचं शिंग, ते शुभानं त्याच दिवशी माळ्यावर टाकलं. दुसरं विलायती रिव्हॉल्व्हर. ते माळ्यावर टाकता येईना, कारण टिपणीस मध्ये आडवे आले.

चार वर्षांत टिपणिसांनी ते एकदाही झाडलं नव्हतं. पण ते आपल्याकडे आहे हे सांगायची एकही संधी सोडली नव्हती. रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, दाढी करून घेताना, कुठेही ते विषय तिथवर आणायचे. "साधं नाही हं, आधुनिक आहे. डबल ॲक्शन! घोडा अंगठ्यानं मागे ओढायची भानगडच नाही. नुसता चाप दाबायचा. घोडा आपोआप मागे जातो, चक्री फिरते, की धाड!" 'धाड' म्हणताना समोरचा दचकला, तर त्यांचा तो दिवस सत्कारणी लागायचा.

मात्र त्यांच्या सद्भाव सोसायटीत कोणी दचकत नसे. वरच्या मजल्यावरचे मधुकर रेगे तर त्यांच्या नमस्कारालाही उत्तर देत नसत. रेग्यांचं न्हाणीघर तीन वर्षं टिपणिसांच्या भिंतीत झिरपत होतं. टिपणिसांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. रेग्यांचं उत्तर एकच, "पाणी खालीच जाणार हो. वर कसं जाईल?"

"देऊन टाका ना ते जमा," शुभा म्हणाली. "कपाटात साड्यांना तरी जागा होईल."

"जमा? आणि लोकांना काय सांगू?"

तेव्हा टिपणीस डोंगरपायथ्याच्या एका छोट्या रायफल क्लबाचे सभासद झाले. तिथं शिकवायला धोंडिराम नावाचे निवृत्त हवालदार होते. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, चक्री उघडून पाहिली, उजेडात नळी पाहिली, आणि मग टिपणिसांकडे पाहिलं.

"वस्तू झकास आहे सायेब," ते म्हणाले. "हिला माणूस मिळाला नाय अजून."

पहिल्या दिवशी टिपणिसांनी पंचवीस मीटरवरच्या निशाणावर दहा गोळ्या झाडल्या. दहाही मागच्या मातीच्या ढिगात गेल्या, आणि ढीग मोठा होता म्हणूनच गेल्या.

"बोटात जोर नाय तुमच्या," धोंडिराम म्हणाले. "डबल ॲक्शनचा चाप लांब आन् जड. ओढता ओढता नळी वाकडी होतेय. अंगठ्यानं घोडा मागे घेऊन मारा, हलका जाईल. पण स्पर्धेत निशाण तीन सेकंद तोंड दाखवणार आन् फिरणार. अंगठा कधी चालवणार? घरी सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. चक्री उघडून तीनदा बघायची, रिकामी आहे ना. मग एका ठिपक्यावर नेम धरून रोज दोनशे वेळा चाप ओढायचा. बाकीच्या वेळी रबरी चेंडू दाबत बसा."

घरी ठिपक्याचा शोध सुरू झाला. शुभानं आपल्या टिकल्या द्यायला साफ नकार दिला. तेवढ्यात टिपणिसांची नजर ओल आलेल्या भिंतीवर गेली. वर, अगदी छताजवळ, रेग्यांच्या पाण्यानं मोठा पिवळट डाग धरला होता आणि त्याच्या मधोमध बुरशीचा काळा, गोल ठिपका उमटला होता. क्लबातल्या निशाणाला इतका नेमका गोल जमला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी अशा वेषात टिपणीस खिडकीशेजारी उभे राहिले, हात वर केला आणि चाप ओढू लागले. खट्. खट्. खट्.

समोरच्या विंगमध्ये सेक्रेटरी जयवंत धुरी राहत. त्यांची बायको रत्नप्रभा त्याच वेळी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला परकर खाली पडला.

"अहो, ऐकतास काय? भायर येवा! तो टिपणीस बघा! पिस्तूल घेऊन रेग्यांच्या न्हाणीघरार नेम धरून उभो आसा!"

धुरींनी पाहिलं. दिशेबद्दल शंकेला जागा नव्हती. त्याच मिनिटाला वर रेगे आंघोळ करत असल्याचा आवाजही येत होता. रेग्यांना आंघोळीत गायची सवय होती.

"वाट लागली!" धुरी म्हणाले.

आठ वाजेपर्यंत बातमी दोन्ही विंगांत पोचली आणि नऊ वाजता रेग्यांपर्यंत. त्या दिवसापासून रेगे आंघोळीत गायचे बंद झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी गवंडी, प्लंबर आणि नव्या लाद्या एकदमच जिना चढून वर गेल्या. आठवड्यात गळती थांबली. शिवाय रेगे स्वतः खाली आले, हात जोडून म्हणाले, "तुमची भिंतही आम्हीच रंगवून देतो, टिपणीससाहेब. रंग कोणता आवडेल?"

तीन वर्षांत त्यांनी टिपणिसांना साहेब तर सोडाच, अहोसुद्धा म्हटलं नव्हतं. टिपणीस गोंधळले. "अहो, पण तो ठिपका मला..."

"ठिपका ठेवणार नाही! एकही ठेवणार नाही!" रेगे जिन्यावरून मागे सरकत म्हणाले.

खरा प्रकार शुभाला भाजीवालीकडून कळला. तिनं घरी येऊन सांगितला तेव्हा टिपणिसांना खरं तर लाज वाटायला हवी होती. ते आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी भांग पाडला.

"जाऊन सांगा त्यांना, रिकामं होतं म्हणून," शुभा म्हणाली.

"सांगू की. विचारलं तर सांगू."

विचारलं कोणीच नाही. उलट पुढच्या आठवड्यात धुरी आले. सोसायटीची लिफ्ट बिल्डरनं तीन वर्षं बंद ठेवली होती. धुरींनी आवाज खाली आणला. "टिपणीससाहेब, उद्या बिल्डरकडे जाऊचा आसा. तुम्ही काय बोलायचा नाय. नुसता येऊन बसायचा."

"मी काही बरोबर आणणार नाही हं," टिपणीस घाईनं म्हणाले. "ते स्पोर्टसाठी आहे."

"छे छे! आम्ही शांतताप्रिय माणसं. नुसता बसा."

टिपणीस बिल्डरच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. बोलायचं नव्हतं, म्हणून खिशातून रबरी चेंडू काढून उजव्या हाताच्या तर्जनीनं दाबत राहिले. धुरींनी ओळख करून दिली, "हे आमचे टिपणीस. यांचा तो डबल ॲक्शनचा सराव चाललाय." बिल्डरनं त्या बोटाकडे पाहिलं. बोट वाकलं, सरळ झालं, वाकलं, सरळ झालं. लिफ्ट आठ दिवसांत सुरू झाली.

मग काय, सद्भाव सोसायटीतल्या एकेका शांतताप्रिय माणसाला टिपणिसांची गरज पडू लागली. कोणाचा भाडेकरू निघत नव्हता, कोणाच्या मेव्हण्यानं टीव्ही नेऊन परत केला नव्हता. टिपणीस जायचे, बसायचे, चेंडू दाबायचे, चहा पिऊन यायचे. सभेत त्यांच्यापुढच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि मागे मात्र गर्दी होऊ लागली.

या सगळ्यात सराव तेवढा राहून गेला. दोनशेवरून चाप पन्नासवर आला, आणि आपण चांगले नेमबाज आहोत असं आता खुद्द टिपणिसांनाच वाटायला लागलं होतं.

स्पर्धेच्या रविवारी धुरींनी टेंपो ठरवला. दोन्ही विंगांतली चाळीस माणसं डबे, सतरंज्या आणि एक हार घेऊन क्लबावर आली. हार धुरींच्या मांडीवर होता. दोरीपलीकडे प्रेक्षकांची जागा होती, तिथे सगळे बसले. "आता बघा हं," रेगे शेजारच्याला सांगत होते. "हा माणूस माझ्या न्हाणीघरावर नेम धरून होता! मी थोडक्यात वाचलो."

टिपणीस सात नंबरच्या जागी उभे राहिले. पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर चाळीस जणांनी हात हलवले.

निशाण फिरून समोर आलं. एक सेकंद टिपणीस त्याच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या सेकंदात चाप आठवला. तिसऱ्यात त्यांनी तो असा खस्सकन ओढला की नळी डावीकडे खाली गेली आणि निशाणाच्या खालच्या '७' या आकड्याला भोक पडलं. तिथून पुढे सगळं उतरणीला लागलं. एक गोळी लाकडी चौकटीत गेली. एक 'शांतता राखा' या पत्र्याच्या पाटीला लागली आणि पाटी बराच वेळ वाजत राहिली. एका गोळीनं निशाणं फिरवायची दोरीच तुटली. सगळ्यांची निशाणं तिरकी होऊन थांबली आणि स्पर्धा वीस मिनिटं खोळंबली. शेवटच्या फेरीतली एक गोळी मात्र अगदी काळ्याच्या मधोमध बसली. फक्त ते निशाण आठ नंबरवाल्याचं होतं.

क्लबाच्या एका बाईंनी कर्ण्यावरून निकाल वाचला. "सात नंबर, श्री. टिपणीस. शून्य." बाईंनी बहुतेक कागद पुन्हा तपासला असावा. "शून्य."

टेंपो परत येताना डबे कोणी उघडले नाहीत. हार धुरींनी वाटेतल्या एका देवळापुढे टेंपो थांबवून देवाला घातला. टिपणीस ड्रायव्हरच्या शेजारी बसून बाहेर बघत होते. भाग घेतल्याचा दाखला त्यांच्या खिशात होता. त्यावर गुण लिहायची पद्धत नव्हती, त्यामुळे लायसनची चिंता मिटली होती. पण आता उद्यापासून बिल्डिंगमध्ये तोंड कसं दाखवायचं? आजवरच्या सगळ्या 'धाडां'चं लोक आता व्याजासकट उट्टं काढणार.

"हसतील दोन दिवस," शुभा म्हणाली. "मग विसरतील."

"हसले तर बरं गं."

कोणी हसलं नाही. सोमवारी टिपणीस लिफ्टमध्ये शिरले, तर आतले तिघे उतरून जिन्यानं गेले. मंगळवारी संध्याकाळी तातडीची सभा लागली. टिपणीस राजीनाम्याच्या तयारीनं गेले, कशाचा द्यायचा ते ठरलं नव्हतं. ते मधल्या रांगेत बसले. पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग मागच्या झाल्या. मग दोन्ही बाजूंच्या.

रेगे उभे राहिले. "मंडळी, हे चांगले नेमबाज होते तोवर आपल्याला भीती नव्हती. ज्याच्यावर नेम, त्यानं काय ते बघावं. बाकीचे सुखरूप! पण हा गृहस्थ सातवर नेम धरतो आणि आठला लागते. माझ्यावर धरला तर मी एक वेळ वाचेन हो. धुरींवर धरला तर मी कुठे उभं राहायचं?"

सभेत कुजबुज उठली. बी विंगच्या एक बाई रडू लागल्या. त्यांना कळून चुकलं होतं की आपलं टिपणिसांशी काहीच भांडण नाही, म्हणजे आपण सगळ्यात जास्त धोक्यात.

"पोलिसांत कळवूया का?" कोणीतरी विचारलं.

"तक्रारीखाली सही लागता," धुरी म्हणाले. "कोण करता?"

सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"अहो, पण मी..." टिपणीस उठू लागले.

"बसा! बसा साहेब, तुम्ही बसा!" चाळीस जण एका सुरात म्हणाले. आणि ठराव एकमतानं झाला: सोसायटीच्या सुरक्षिततेसाठी श्री. टिपणीस यांनी नेम बसेपर्यंत दर रविवारी सराव करावा, पाळीपाळीनं एकेका सभासदानं सोबत जावं आणि प्रगती वहीत लिहावी.

पहिला रविवार रेग्यांच्या नशिबी आला. ते कानात कापूस घालून क्लबाच्या एका जाड खांबाआड भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या सकाळी चांदमारीवर दुसरं कोणी नव्हतं. ना टेंपो, ना हार. धोंडिराम म्हणाले, "घाई नको सायेब. चाप अखंड ओढा, पाणी शेंदल्यासारखा." टिपणिसांनी श्वास सोडला. इतके दिवस चेंडू दाबून बोट नकळत घट्ट झालं होतं. चाप मागे आला, घोडा उठला, चक्री फिरली. पाच वेळा.

धोंडिरामांनी दुर्बीण लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. "सायेब," ते हळूच म्हणाले, "चार काळ्यात. पाचवीपण कागदावर आहे."

ते जाऊन निशाणाचा कागद घेऊन आले. टिपणीस त्या पाच भोकांकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. शेहेचाळीस वर्षांत स्वतःच्या हातानं केलेलं, दुसऱ्या कोणाचंही नसलेलं असं काही त्यांच्यापुढे पहिल्यांदाच होतं. कोणाला तरी मिठी मारावी असं वाटून ते वळले.

खांबाआडून रेग्यांचं अर्धं तोंड बाहेर आलं होतं. "झालं का साहेब?" कापूस काढत त्यांनी विचारलं. "किती लागल्या? वहीत लिहायचंय."

टिपणिसांनी रेग्यांकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. कागदाची चार पदरी घडी घालून त्यांनी ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

"एकही नाही."

"एकही?"

"एक तर उलटी फिरून आली असं वाटलं मला."

धोंडिरामांनी टिपणिसांकडे पाहिलं आणि दुर्बीण पेटीत ठेवली. रेग्यांनी वहीत शून्य काढलं. ते नीट गोलही आलं नाही.

"चला, बॅग मी घेतो," ते म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा साहेब. नको, मी पुढे होतो. नको नको..." दोन पावलं पुढे, दोन मागे, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं त्यांनी करून पाहिलं. कुठेच जीवाची खात्री वाटेना. शेवटी त्यांनी टिपणिसांचा उजवा हात बोटासकट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि दोघे तसेच बस स्टॉपपर्यंत चालत गेले.