अकराची गाडी

निरोप समारंभाला पाहुणा म्हणून कुणाला बोलवायचं, यावर दहावीच्या वर्गात आठ दिवस खल चालला होता. शेवटी सुदेश उठला. "तीन वर्सांत आमी सगळ्यांत जास्ती कुणाचं तोंड बघितलं? वासूमामांचं. मग त्यांनाच बोलवा की!"

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. वासूमामा म्हणजे एसटी गाडीचे ड्रायव्हर, आणि कंडक्टरही तेच. रात्री डोंगरातल्या शेवटच्या वाडीवर मुक्कामाला राहायची आणि सकाळी वळणावळणावर पोरं वेचत कुंभारवाड्याच्या शाळेकडं यायची, अशी त्या अंगाला ती एकच गाडी. सरांनी विचार केला, दुसरा कुणी पाहुणा ठरवला तरी त्याला आणणार कोण? वासूमामाच. मग मधला माणूस हवाच कशाला!

आठवणींचं भाषण वर्गातल्या सुमंगलाकडं आलं. तिनं सहा पानं लिहिली, पाठ केली, म्हशीलाही ऐकवली. तिची आयी, पुतळी, तीन वर्षांत एकदाही शाळेत आली नव्हती. पालकसभा असो की झेंडावंदन, "म्हशीची धार कोण काढंल?" हे तिचं ठरलेलं उत्तर. या वेळी मात्र ती म्हणाली, "येते बग. सकाळचं आवरून अकराच्या गाडीनं." तेव्हापासून सुमंगलाचे पाय जमिनीला लागत नव्हते. भाषणाचं सहावं पान आयीवर होतं. 'माझ्या आयीला शाळेसाठी कधी वेळ मिळाला नाही, तरी माझा राग नाही,' अशी त्याची सुरुवात होती. ते मात्र तिनं म्हशीलासुद्धा ऐकवलं नव्हतं.

समारंभाच्या सकाळी गाडी शाळेशी थांबली आणि पोरांनी वासूमामांना तिथंच ताब्यात घेतलं. खाकीवर शाल, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गंध. मामांनी दोनदा घड्याळाकडं पाहिलं. "सर, ती गाडी..."

"गाडी राहू द्या हो. आज तुम्ही पाहुणे!"

मामांना वाटलं, सरांनी डेपोला सांगून परतीच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर मागवला असेल. सरांना वाटलं, मामांनीच काहीतरी सोय केली असेल. पोरांना वाटलं, मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं. गाडी आंब्याखाली मुकाट उभी होती.

अकरा वाजून गेले. स्वागतगीत झालं, सरांचं लांबलचक भाषण झालं. पालकांच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या. मग सुमंगलाचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि दाराकडंच बघत राहिली.

"बोल बाळ," सर म्हणाले.

"सर, आयी यायची हाय."

"येईल की. अकराची गाडी आहे ना."

"व्हय सर, पण..."

पुढं काही बोलायची गरजच पडली नाही. सगळ्या वर्गानं एकदम मान वळवली. अकराची गाडी चालवणारा माणूस गळ्यात हार घालून समोर पेढा खात बसला होता.

"अगं आयी आयी!" मामा हारासकट धावले. गाडी सुरू होते न होते तोच पोरं आत घुसली. "मामा, आमी बी!" त्यांना खाली उतरवायला म्हणून हेडसर चढले आणि गाडी सुटली. शाळेत राहिला तो फक्त फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेला 'सुस्वागतम्'.

गाडीत मात्र आठवणींना ऊत आला. "ह्या वळणावर पयल्याच दिवशी सुदेश ओकला हुता, प्राजक्ताच्या छत्रीत!"

"छत्री नवी हुती," प्राजक्ता म्हणाली. तिचा राग तीन वर्षांत उतरला नव्हता.

"आन् हितं गवा आडवा आलता, तवा गणिताची परीक्षा बुडाली."

"गवा एकदा आला असेल," मागून सर म्हणाले. "तुम्ही मला पाच वेळा सांगितलात."

वाटेत थांब्याथांब्यावर पालक तिष्ठत होते. "काय वो वासू, लगीन ठरलं व्हय? हार घालून गाडी चालवतासा!" मामा मान खाली घालून गियर टाकत राहिले. सुमंगला पुढच्या सीटवर कागद घट्ट धरून बसली होती. प्रत्येक थांबा गेला की ती एकच वाडी मोजत होती, आपली.

शेवटची वाडी सुमंगलाची, पण तिथं पुतळी नव्हती. शेजारची सुंदरीकाकी म्हणाली, "ती कवाच गेली न्हवं! गाडीची वाट बगून बगून कटाळली, आन् रानातल्या पायवाटंनं चालत सुटली."

परत येताना पालकांनी गाडी भरली, पण कुणी गव्याचं नाव काढलं नाही.

शाळेत पोचले तर सगळ्यात मागच्या बाकावर पुतळी बसलेली. ठेवणीतलं लुगडं, पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ, मांडीवर उकडलेल्या कोनफळांचं गाठोडं. लेकीला बघून ती ओशाळली. "संपलं व्हय गे? मला उशीर झाला."

"सुरूच न्हाई झालं, आये!"

मग सुमंगला बोलली. प्राजक्ताची छत्री, गवा, मैदानावरचे काटे, सगळं आलं. पाचव्या पानावर ती म्हणाली, "आणि मी आभार मानते आमच्या गाडीच्या इंजिनाचे. रोज सकाळी ते गार पडायचं. मामा दहा मिनिटं तापवत बसायचे, म्हणून माझी वेणी व्हायची आणि माझी शाळा कधी चुकली नाही."

मागच्या बाकावरून खुदकन हसू आलं. पुतळीनं पदर तोंडावर धरला.

"काय झालं, अक्का?" मामांनी विचारलं.

"कसलं विंजान घेऊन बसलासा! ही पोरगी कदी येळंवर आवरती व्हय? म्हणून तुमास्नी मोठ्या गिलासात चा द्यायची, तो बी चुलीवरनं उकळता. चा लवकर संपायचा न्हाई, आन् संपल्याबिगर तुमी उटायचा न्हाई."

मामांचा हात आपसूक तोंडाकडं गेला. "म्हंजे तीन वर्सं माझी जीभ भाजली ती मुद्दाम? आन् मी पाशिंजरास्नी सांगतोय, इंजिन गार हाय!"

"फुंकून प्यायचा हुता की मग."

हसता हसता हेडसरांचा चष्मा खाली पडला. सुमंगला मात्र हसली नाही. हातातलं सहावं पान तिनं एकदा वाचलं, चार घड्या केल्या आणि मुठीत मिटलं. "एवढंच," ती म्हणाली, आणि सरळ मागच्या बाकावर आयीला चिकटून जाऊन बसली.

कोनफळं संपली. दुपारच्या गाडीची वेळ झाली. पोरांची ही शेवटची फेरी. उद्यापासून कोण कुठं जाणार, कुणाला ठाऊक? पोरं उठेनात. मामांनी घड्याळ पाहिलं आणि समोरचा चहा उचलला. "एवढा घेतो, आन् सोडतो गाडी."

"थांबा मामा, गार झालाय तो." सुमंगलानं त्यांच्या हातातून कप काढून घेतला. त्यातून अजून वाफ निघत होती. ती शाळेमागच्या चुलीकडं निघाली, तशी मागून पुतळीची हाक आली.

"चांगली उकळी येऊ दे गे!"