आप्पा आणि पुढची चाकं

आमच्या शेजारच्या आप्पांकडे गाडी नाही. चारचाकी नाही, दुचाकीही नाही. एक सायकल आहे, तिचं मागचं टायर बहुतेक वेळा बसलेलं असतं. आप्पांना गाडी चालवताही येत नाही. एवढं सोडलं, तर फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या दुरुस्तीत आप्पांइतका अधिकारी माणूस नांदेडात दुसरा नाही. हे मत खुद्द आप्पांचंच आहे, पण ते इतक्या शांतपणे सांगतात की खोडून काढायला मन होत नाही.

आप्पा पोस्टातून निवृत्त झाले. उभा जन्म काउंटरमागे गेला. पण आता रस्त्यात चिखलानं माखलेली पिकअप दिसली की ते सायकलवरून उतरतात, वाकून पुढच्या चाकाच्या मध्यावर, इंजिनाची ताकद चाकाला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या हबवर बोट ठेवतात आणि ड्रायव्हरला विचारतात, "हब लॉक हाय का फ्री?" ड्रायव्हर बहुधा भाजीपाला उतरवत असतो. तो म्हणतो, "आवं काका, बाजूला व्हा." आप्पा बाजूला होत नाहीत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ताकद इंजिनात हाय सर, चाकापतुर पोचंना झालीय." मी शाळेत मास्तर, म्हणून मला 'सर'. आता हे वाक्य पिकअपपुरतं राहिलं असतं तर तक्रार नव्हती. विष्णुपुरीचं धरण भरलेलं असताना आमच्या नळाला पाणी नसतं, तेव्हा आप्पा हेच म्हणतात. माझा मुलगा गणितात नापास झाला, तेव्हा त्याला समोर बसवून त्यांनी हेच सांगितलं. त्या पोरानं मान डोलावली. त्याला तेवढंच निमित्त पाहिजे होतं.

मुदखेडला माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाचे मामा फोर-व्हीलची नवीकोरी गाडी घेऊन आले. जेवणाची पंगत बसली, तर आप्पा गायब. शोधत गेलो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पांढऱ्याशुभ्र पायजम्यातले. मुलाकडच्या बायका आधीच ओरडायला लागल्या होत्या. आप्पा सरपटत बाहेर आले, हात झटकले आणि मामांना म्हणाले, "हब फ्री होते. लॉक करून ठिवलेत. पावसाळ्याची काळजी मिटली." पावसाळ्याला अजून चार महिने होते. परत जाताना स्टिअरिंग जड का लागतंय, म्हणून मामांचा मला तीनदा फोन आला.

हे वेड आप्पांना कुठून लागलं, ते सांगायला हवं.

त्यांना एकच मुलगी, ज्योती. बायको गेल्यावर घरात दोघंच. मग ज्योतीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं. मुलगा अहमदपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला, संदीप नावाचा. शेती आणि जुनी पिकअप. आप्पा भांडले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं बोलणं बंद केलं. वर्षभर त्यांनी लेकीचं नाव काढलं नाही.

आणि मग एका सकाळी तिचा फोन आला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. फोन वाजतोय आणि आप्पा त्याच्याकडे नुसते बघतायत. शेवटी उचलला. तिकडून ज्योतीचा आवाज, "आप्पा, गाडी काळ्या रानात फसलीय. फोर व्हील लागंना झालंय. दिवा लुकलुक करून राहिला, पण पुढची चाकं फिरनात."

तिनं हे बापाला का विचारावं? फोर व्हील म्हणजे काय, हे आप्पांना तोवर ठाऊकही नव्हतं. पण ते म्हणाले, "थांब. बघून सांगतो." आणि पायात चप्पल नीट न घालता ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात पळाले.

त्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. गॅरेजवाल्याला चहा पाजायचा आणि शेजारी स्टुलावर बसायचं. रात्री जेवण झालं की मोबाइलवर व्हिडिओ, त्यातले निम्मे तमिळमध्ये. दर रविवारी ज्योतीचा फोन यायचा आणि आप्पा स्पीकर लावून ओट्यावर बसायचे.

"लिव्हर टू ला हाय का फोर ला?"

"फोर ला हाय, आप्पा."

"गाडी जराशी मागं घेऊन बगितली का?"

"न्हाई."

"घ्या म्हणावं. कधी कधी गिअरचे दात अडकतेत. आन् डांबरी रस्त्यावर फोर लावू नका म्हणावं त्याला."

अर्धा-अर्धा तास हे चाले. तू कशी आहेस, हे आप्पांनी कधी विचारलं नाही. शेवट ठरलेला. "ठिवतो." "हाव."

मागच्या महिन्यात ज्योतीनं नवाच बिघाड सांगितला. फोर व्हील लावलं की पुढून कट्‌कट् आवाज येतो. आप्पांनी ओळीनं सगळे इलाज सांगितले, पण त्या रात्री मोबाइलवर व्हिडिओ लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पाने-पकड घेऊन माझ्या दारात हजर. "चला सर. जाऊन येऊ. फोनवर निघणार न्हाई हे."

लग्नानंतर ते लेकीच्या घरी पहिल्यांदाच निघाले होते. मी कपडे करतोय तोवर माझा फोन वाजला. ज्योती होती, रडकुंडीला आलेली.

"काका, लई घोळ झालाय. आप्पांचा फोन आला, येऊन राहिलेत म्हणे. गाडी तर आम्ही मागच्याच उन्हाळ्यात इकून टाकली!"

"मग हे बिघाड?"

"मोबाइलवर बघून सांगते. काय करू? कसे हाय तुम्ही म्हणलं की 'बरं हाय' म्हणून फोन ठिवतेत. चाक फिरंना म्हणलं की अर्धा तास बोलतेत."

मी बसमध्ये आप्पांच्या शेजारी बसलो आणि अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

ज्योतीच्या अंगणात पिकअप उभी होती. गाडी घेणारा त्याच गावचा, त्याच्याकडून संदीपनं दिवसापुरती मागून आणलेली. आप्पांनी ती ओल्या रानात घालायला लावली. घोळ असा, की चारी चाकं झकास ओढत होती. कट्‌कट् नाही, काही नाही. संदीपला घाम फुटला. ज्योती पदराचं टोक चावत उभी. ती निम्मी झालेली दिसत होती.

गाडी अंगणात परत आली आणि आप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "बिघाड आतला हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "गोणपाट आण."

गोणपाटावर पडून ते गाडीखाली गेले. ज्योती उलट्या बादलीवर पाने घेऊन बसली. मी आणि संदीप ओट्यावर चहा पीत होतो. बराच वेळ नुसती ठोकाठोक चालली होती. मग खालून आवाज आला.

"ताप किती दिवस व्हता?"

ज्योती दचकली. "कसला ताप?"

"फोनवर आवाज बसल्याला व्हता तुझा. बाराचा पाना दे."

तिनं पाना दिला आणि म्हणाली, "टायफाइड झाला व्हता. दवाखान्यात ठिवलं व्हतं."

"मला कळवलं न्हाई."

"तुम्ही घाबरले असते."

"जेवण जातंय का आता?"

"जातंय."

"भाकर का नुसता भात?"

इतकी वर्षं न विचारलेलं सगळं आप्पा गाडीखालून विचारत होते आणि ज्योती त्यांच्या पायांकडे बघून उत्तरं देत होती. मधेच त्यांचा ग्रीसनं माखलेला हात पान्यासाठी बाहेर आला. ज्योतीनं पाना दिला नाही. तो हातच दोन्ही हातांत धरून बसली. खालून "पाना, पाना" असं दोनदा ऐकू आलं. मग तेही बंद झालं.

संदीप उठून गोठ्याकडे गेला. मीही त्याच्या मागं गेलो.

आप्पा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. ग्रीस गेलं म्हणाले. "झालं. आता तरास देणार न्हाई." मग जेवले. लेकीनं वाढलेली तिसरी भाकरी नको म्हणत खाल्ली.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, गाडीत खरंच काही होतं का?"

"काय असणार? मागच्या म्हैन्यातच नवीन हब बसवायला लावलेत मी त्या गाडीला."

"तुम्ही?"

"ज्यानं घेतली ना गाडी, तो मला फोन करत असतो. माझा नंबर गाडीतच लिव्हल्याला व्हता, तिथून घेतलाय त्यानं."

म्हणजे गाडी विकल्याचं आप्पांना पहिल्यापासून माहीत होतं. बसनं लोहा मागं टाकलं. मी विचारलं, "मग ज्योतीला तसं सांगत का नाही?"

"सांगितलं तर मंग तिनं फोन कशापायी करावा?" आप्पा म्हणाले, आणि नखातलं ग्रीस काढत बसले.

मग थोडे माझ्याकडे सरकले. बस अर्धी रिकामी होती, तरी आवाज खाली आणून म्हणाले, "सर, एक काम करा. तिला हळूच सुचवा. माझं नाव काढू नका. हबचं आता लई झालं. काहीतरी लांबलचक बिघाड काढ म्हणावं."