उशिरा पडणारा गिअर

लायसनची परीक्षा अकराला होती. आणि नवरा सकाळी चहा व्हायच्याही आधी गाडीचं बॉनेट उघडून, डोळ्याला भिंग लावून आत वाकलेला दिसला, तशा बाई धावत बाहेर आल्या.

"अहो, आज नका हात लावू!"

"आजच लावायचा. गिअर उशिरा पडतो म्हणून दोनदा नापास झालीस ना? आज वेळेवर पाडून देतो."

नवरा घड्याळजी. मुंगीच्या पायाएवढं चाक त्याला लख्ख दिसायचं, पण समोरून येणारा ट्रक दिसेलच असं सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. आता एक तर बाईंना लायसन मिळायला हवं होतं, नाही तर गाडी साडूकडे जाणार होती. तसा शब्दच दिला गेला होता. साडू शब्दाचा इतका पक्का, की काखेत नवी सीटकव्हरं मारून सकाळीच हजर.

"ताई, मी फक्त शुभेच्छा द्यायला आलोय हं," असं म्हणत तो पुढच्या सीटवर बसला आणि आरसा स्वतःच्या उंचीचा करून घेतला.

गाडी ऑटोमॅटिक. गिअर तिने आपले आपण बदलायचे. पण ती पहिला गिअर सोडायलाच तयार नसे. इंजिन गळा काढून रडायला लागे, बाई घाबरून ब्रेक दाबत आणि परीक्षकाचं कपाळ काचेला टेकता टेकता राही.

"ही बघ केबल," नवरा उत्साहाने म्हणाला. "अॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाते. उशीर होतोय म्हणजे काय? सैल पडलीय. घड्याळ मागे पडलं की काय करतो आपण?"

"दुकानात पाठवतो."

"अगं, चावी देतो!" आणि त्याने केबलचा नट नाजूक हाताने थोडा आवळला.

बाईंनी गल्लीला एक फेरी मारली. इंजिन असं किंचाळलं की समोरच्या घरातल्या आजी गॅलरीत आल्या. "सूनबाई, काही भाजतंय का गं?"

"आणखी आवळायला हवी," नवरा म्हणाला.

"द्या इकडे," साडू उतरला. "तुमच्या हातात जोर कुठला? चिमट्याने काम करणारी माणसं तुम्ही."

त्याने पाना लावला आणि दातओठ खाऊन असा काही पिळला, की नटाने आधी करकर केलं आणि मग मौन धरलं. नटाचे कोपरेही झिजले. आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

नवरा भिंग लावून बराच वेळ त्या केबलकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. "अगं, चुकलंच. केबल ताणलेली असली की गिअरबॉक्सला वाटतं, बाई घाईत आहेत, त्यांना जोर हवाय. म्हणून तो गिअर धरून ठेवतो. आवळायची नाही, सैल करायची होती."

"मग करा सैल!"

"नट हलला तर ना."

साडूने शांतपणे सीटकव्हरांच्या घड्या उलगडायला घेतल्या. ते पाहिलं मात्र, बाईंनी पदर खोचला.

"बसा दोघंही. आहे तशी नेते."

रस्ताभर गाडीने आकांत मांडला. कुत्री भुंकायची थांबून बघायला लागली. दुचाकीवाले आपणहून बाजूला होत होते. मागून साडू म्हणाला, "ताई, कशाला हट्ट? वय झालं की माणसाने मागच्या सीटवर बसावं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "वय? माझं वय काढता?" त्या गर्रकन मागे वळणार, तोच नवरा ओरडला, "समोर बघ!" त्या दचकल्या, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला, आणि टक्! गिअर पडला. इंजिन अंगाई ऐकल्यासारखं गप्प.



"अहो! पडला!"

"पाय उचललास ना! केबल सैल पडली गं, त्याला वाटलं बाई निवल्या! पुन्हा कर, पुन्हा कर!"

बाईंनी पुन्हा केलं. दाबायचं, सोडायचं, टक्. नवरा टाळ्या पिटायला लागला. साडूने सीटकव्हरं पिशवीत कोंबली.

परीक्षक तेच निघाले, कपाळवाले. बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हातांनी दरवाजावरचं हँडल धरलं.

"बाई, ही गाडी ओरडते का हो?"

"ओरडते साहेब, पण ऐकते."

वळणं झाली, चढ झाला, गाडी उलटी नेऊन लावून झाली. गाडीने गळा काढला रे काढला, की बाई हळूच पाय उचलत. उतरताना परीक्षकांनी हँडल सोडलं आणि कागदावर सही केली. "इतक्या हलक्या पायाचं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही."

बाहेर नवरा बायकोला सगळ्यांसमोर मिठी मारणार होता. ऐन वेळी त्याने साडूला मारली.

दुपारी बाई दमून झोपल्या, तेव्हा नवऱ्याने घड्याळाच्या तेलाचे थेंब टाकून, फुंकर घालून, समजूत काढून तो नट सोडवला. केबल अगदी हवी तेवढीच सैल केली. बायकोला बक्षीस.

संध्याकाळी साडूला घरी सोडायला निघाले. गाडीने कुरकुर न करता गिअर टाकला. बाईंनी सवयीने पाय उचलला. गाडीने आचका दिला. त्यांनी दाबलं, गाडी उसळली. पुन्हा उचलला, पुन्हा आचका. मागे साडू मान डोलावत होता; स्वतःच्या इच्छेने नव्हे.

बाईंनी गाडी कडेला घेतली. "काय केलंत हिला?"

"दुरुस्त," नवरा अभिमानाने म्हणाला.

"होती तशी करून द्या."

"अगं, पण ती बिघडलेली होती!"

"मला तिच्यावर लायसन मिळालंय."

नवरा निमूटपणे उतरला. बॉनेट उघडलं. "जन्मभर मागे पडलेली घड्याळं पुढे आणली," आतून आवाज आला. "मुद्दाम मागे पाडून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"गिऱ्हाईक कोणाला म्हणता?"

"आवळतोय, आवळतोय!"

गाडी निघाली. इंजिनाने टाहो फोडला, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, साडूने कानांवर हात ठेवले. बाईंनी हळूच पाय उचलला. टक्.

"हां," त्या समाधानाने म्हणाल्या, "आता कसा वेळेवर पडला."