पुन्हा एकदा ‘भाषा निवडा’

मामाच्या मते शहरात खरा गुप्तहेर एकच उरला होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा. “माझी नजर म्हणजे नजर नाही, एक्स-रे आहे,” तो सांगायचा. “माणूस दारातून आत आला की तो काय जेवला, कुणाशी भांडला आणि काय लपवतोय, हे मला त्याच्या चपलांवरून कळतं. माझ्यासारखा मेंदू पिढीत एकदाच निपजतो. पुढच्या पिढीचं काय होणार याचीच काळजी वाटते.”

हा मेंदू आयुष्यभर विमा कचेरीत टपालावर शिक्के मारत होता. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी तो मोकळा सुटला. शेजारणीचा चष्मा हरवला तेव्हा मामाने दूधवाला, शेजारणीची सून आणि एक कावळा अशा तिघांवर संशय घेतला होता. चष्मा फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात निघाला, तोही सुनेला सापडला. मामाने ते प्रकरण ‘सुटलेली’ या सदरात घातलं. किती सुटली असं कुणी विचारलं की तो गूढ हसून “गोपनीय” म्हणायचा, आणि मामी स्वयंपाकघरातून “गोपनीय म्हणजे शून्य” असा खुलासा करायची.

अशा माणसाला चिमीने, म्हणजे त्याच्या भाचीने, आपल्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र कामावर सोबत नेलं, याला एकच कारण होतं. सर्व्हर जड होता.

काम जनावरांच्या दवाखान्यातलं होतं. तिथला जुना सर्व्हर आता शेवटचे आचके देत होता आणि त्याच्या गरम पाठीवर दवाखान्याची मांजर झोपत होती. त्याच्या जागी दुसरा सर्व्हर बसवायचा, त्यात लिनक्स ही सिस्टीम घालायची, आणि कुत्र्यामांजरांच्या लसींची सगळी माहिती त्यावर आणायची, एवढंच ठरलं होतं. डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. “संध्याकाळचे पेशंट यायच्या आत झालं तर पुढचं सगळं काम तुमचं,” त्या म्हणाल्या. “नाही झालं तर मी कंपनीला फोन करीन.”

कंपनी म्हणजे चिमीने नुकतीच सोडलेली कंपनी. राजीनामा घेताना तिथले साहेब प्रेमाने म्हणाले होते, “जा, हौस फिटली की परत ये. तुझी खुर्ची कुणाला देत नाही.” ती खुर्ची चिमीला स्वप्नात दिसायची. तिचं एक चाक फिरायचं नाही, आणि स्वप्नातही ते फिरत नसे.

मामा मात्र खुशीत होता. महत्त्वाची वस्तू एकटी ठेवायची नाही, असा त्याचा नियम असल्यामुळे त्याने दोन भिंगं, दोन बॅटऱ्या आणि एकाच कुलपाच्या चार किल्ल्या बरोबर घेतल्या होत्या. कुलूप घरीच होतं.

“हे बघ मामा,” चिमीने बजावलं, “तू फक्त उचलायचं आणि ठेवायचं. चौकशी करायची नाही.”

“मी चौकशी करत नाही,” मामा म्हणाला. “लोक आपणहून कबूल होतात.”

सुरुवात तर झकास झाली. सर्व्हर टेबलावर चढला. चिमी केबल ओढायला टेबलाखाली शिरली, मामाने भिंग घेऊन यंत्राची मागची बाजू तपासून ‘निर्धोक’ ठरवली. चिमीने सकाळी घरून लिनक्सचा इन्स्टॉलर भरून आणलेला पेनड्राइव्ह पुढच्या खाचेत घातला, यंत्र सुरू केलं, आणि पडद्यावर पहिला प्रश्न आला: भाषा निवडा. मग वेळ कुठली, कळफलक कुठला, सिस्टीम कुठल्या डिस्कवर टाकायची, असे प्रश्न येत गेले आणि ती सराईतपणे उत्तरं देत गेली. यंत्राला नाव काय द्यायचं यावर काउंटरवरच्या ताईंनी ‘ढब्बू’ सुचवलं. यंत्र दिसायलाही तसंच होतं, म्हणून तेच दिलं.

शेवटी सूचना आली की काम झालं, आता पेनड्राइव्ह काढा आणि यंत्र पुन्हा सुरू होऊ द्या. चिमीने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि बटण दाबलं. पंखे घोंघावले, पडदा काळा झाला, उजळला.

भाषा निवडा.

“झालं?” ताईंनी विचारलं.

“होतंय,” चिमी म्हणाली. तिने खिसा चाचपला. पेनड्राइव्ह खिशातच होता. इन्स्टॉलर मात्र जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पहिला प्रश्न विचारत उभा होता. तिला वाटलं, आपलीच काहीतरी घाई झाली असेल. तिने सगळी उत्तरं परत दिली, डिस्कच्या यादीत मोठी डिस्क निवडली, खालच्या चिमुकल्या ओळीकडे पाहिलंही नाही, आणि पुन्हा एकदा ढब्बूचं बारसं केलं. यंत्र बंद होऊन सुरू झालं.

भाषा निवडा.

मामाने भिंग बाहेर काढलं. “चिमे,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “ही साधी गोष्ट नाही.”

चिमीने खुर्चीत बसून डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. सर्व्हर वापरलेला, दुसऱ्याकडून आणलेला होता. सुरू होताना आधी कुठे बघायचं याचा क्रम जुन्या मालकाने पासवर्ड लावून पक्का केला होता आणि तो पासवर्ड तो स्वतःच विसरला होता. क्रम असा की आधी पेनड्राइव्ह, तो नसेल तर डिस्क. पेनड्राइव्ह तर खिशात. म्हणजे यंत्र डिस्ककडेच जायला हवं. यात वादाला जागाच नव्हती, फक्त यंत्राला ते मान्य नव्हतं.

“सिस्टीम कुणीतरी पळवतंय,” मामा म्हणाला. “तू घालतेस, ते काढून घेतात.”

“सिस्टीम अशी पळवता येत नाही, मामा.”

“तसंच त्यांना तुला वाटायला हवं आहे.”

मामाचा पहिला संशयित पोपट होता. आजारी जनावरांच्या खोलीतला हा पोपट माऊसच्या क्लिकचा हुबेहूब आवाज काढायचा. तो आवाजाने यंत्राला हुकूम देतो, असा मामाचा सिद्धांत होता. पिंजऱ्यासमोर बसून त्याने उलटतपासणी घेतली. पोपटाने एकदा क्लिक केलं आणि मामाच्या बोटाचा चावा घेतला. “पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न,” मामा बोट चोखत म्हणाला, आणि ताईंनी त्याला कुत्र्यांची पट्टी बांधली.

दुसरी संशयित मांजर. ती जुन्या सर्व्हरवर झोपते, नवा आला तर तिची ऊब जाणार, म्हणजे हेतू अगदी उघड होता. पण मांजर सकाळपासून जागची हललीच नव्हती. “इतकी शांत झोप निरपराध प्राण्याला येत नाही,” मामा म्हणाला खरा, पण त्याचं त्यालाच फारसं पटलं नाही.

खरं सांगायचं तर चिमीवरही डोक्यावर बर्फ ठेवायची वेळ आली होती. तिला वाटलं, भिंतीतल्या केबलमधून दुसरं एखादं यंत्र इन्स्टॉलर पाठवत असेल. असं घडू शकतं. तिने केबल उपटली, यंत्र सुरू केलं. भाषा निवडा. डिस्कच खराब असेल म्हणून डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत होती, तिच्यापेक्षा तरी नक्कीच. तिने चिडून परत सगळं घातलं. भाषा निवडा.

बाहेर बाकांवर संध्याकाळचे पेशंट जमायला लागले. गळ्यात प्लास्टिकचा कर्णा अडकवलेला एक थोराड कुत्रा, खोक्यात कासव, आणि त्यांची माणसं. डॉक्टरबाई दारात आल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण फोन हातात धरला होता.

“अडचण आहे?”

“थोडी,” चिमी म्हणाली. त्या खुर्चीचं न फिरणारं चाक तिला स्पष्ट दिसलं.

“डॉक्टर,” मामा मध्ये पडला, “फोन खाली ठेवा. गुन्हेगार याच छताखाली आहे. सगळ्यांना या खोलीत बोलवा, मी आत्ता नाव जाहीर करतो.”

“मामा, नको,” चिमी म्हणाली.

पण बाकांवरच्या लोकांना वाट बघून कंटाळा आला होता. ते लगेच आत आले. कर्णेवाला कुत्रा पहिल्या रांगेत बसला. मामा हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारू लागला.

“सिस्टीम तीनदा घातली, तीनदा गायब झाली,” तो म्हणाला. “संशय कुणावर? पोपटावर? नाही. त्याला चावण्यापलीकडे आवड नाही. मांजरीवर? तिला उठायचा आळस. मग उरतं कोण? जो हळूच आला, जो मंद असल्याचं सोंग करतो, ज्याच्याकडे कुणी संशयाने बघत नाही.” त्याने बोट रोखलं. “कासव.”

“ते आत्ताच आलंय,” कासवाचा मालक म्हणाला.

“असं ते म्हणतंय,” मामा म्हणाला.

या भाषणाशी काउंटरवरच्या ताईंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा मोबाईल मान टाकायला आला होता आणि दवाखान्यातल्या सगळ्या सॉकेटांना काही ना काही लटकलेलं होतं. त्या वायर घेऊन नव्या सर्व्हरमागे गेल्या, कारण मोबाईल चार्ज होईल अशी खाच तिथे नक्की असणार. खाच होती, पण तिच्यात काहीतरी नखाएवढं बसलेलं होतं. ताईंनी ते उपटलं, आपली वायर लावली, आणि निघताना कोपराचा धक्का लागून यंत्राचं बटण दाबलं गेलं.

पंखे घोंघावले. पडदा काळा झाला. चिमीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं: ढब्बू. त्याखाली नाव आणि पासवर्ड विचारणारी साधी, सुंदर ओळ.

पोपटाने क्लिक केलं.

“हे कुणाचं?” ताईंनी तळहात पुढे केला. त्यावर एक इवलासा पेनड्राइव्ह होता आणि त्याला लाल दोरा बांधलेला होता. चिमीला एका क्षणात सगळं कळलं. डिस्कच्या यादीतली ती चिमुकली ओळ. आपलाच पेनड्राइव्ह म्हणून सवयीने तिने ती दर वेळी डोळ्याआड केली होती, आणि आपला तेव्हा खिशात होता. सकाळी घरी मामाने हट्टाने दुसरी प्रत करून मागितली होती. मूळ हरवलं तर काय घ्या. हरवू नये म्हणून लाल दोराही त्यानेच बांधला. आणि प्रत कशी अगदी हाताशी हवी, म्हणून निर्धोक ठरवलेल्या मागच्या बाजूला त्याने ती स्वतःच्या हाताने लावून ठेवली होती.

मामाचा चेहरा उतरत गेला. पिढीत एकदा निपजणारा मेंदू एका जागी थांबला होता, आणि एरवी कधी न दिसणारा म्हातारा मामा तिथे उभा होता. तो चिमीकडे बघत नव्हता. चिमीला राग यायला हवा होता. आला नाही. सायकल शिकताना तिच्यामागे धापा टाकत पळणारा हाच माणूस होता, आणि तेव्हाही त्याने कॅरिअर इतकं घट्ट धरलं होतं की सायकल पुढेच जात नव्हती.

“माझाच आहे,” चिमी डॉक्टरबाईंना म्हणाली. “मागे राहिला. माझं लक्ष नव्हतं.”

“खोटं बोलतेय,” मामा म्हणाला. आवाज बारीक होता, पण खणखणीत. “तो मी लावला. तिचं काम चोख आहे. कंपनीला फोन करायचा तर मला घरी पाठवून करा.”

डॉक्टरबाईंनी एकदा मामाकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. “ताई, पहिला पेशंट घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही उद्या या. एक्स-रेचं यंत्रही याला जोडायचंय.” मग मामाला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसा.”

चिमीने केबल जागेवर लावली, यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता दिला आणि जुन्या सर्व्हरवरची माहिती ओढायला सुरुवात केली. कर्णेवाल्या कुत्र्याची जुनी इंजेक्शनं एकेक करून पडद्यावर उमटू लागली. तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं, आणि ताईंना सांगून ती थोडी हसलीही.

उघड्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. कासवाचा मालक मामाजवळ सरकून बसला होता.

“मग काय हो, सापडला का शेवटी गुन्हेगार?”

“सापडला,” मामा म्हणाला. “मुद्देमालासकट. सगळ्यांसमोर कबुलीही दिली त्याने.”

“शिक्षा काय झाली?”

मामाने बोटावरची पट्टी उगाच नीट केली.

“भाचीने सोडून दिलं त्याला,” तो म्हणाला.