व्हर्लिनचं लाल कुलूप

"सव्वीस वर्षं यंत्रांशी संसार केलाय मी! आज परीक्षा माझी नाही, त्या यंत्राची आहे!" असं बायकोला ऐकवून व्हर्लिन स्ट्राउड घराबाहेर पडला. वय चौपन्न. ओहायोतला त्याचा कारखाना बंद पडल्यावर तो गावच्या कम्युनिटी कॉलेजात, पोरांच्या मांडीला मांडी लावून, विजेची आणि यंत्रांची दुरुस्ती शिकत होता. आज शेवटचं प्रात्यक्षिक. बिघडलेला सरकता पट्टा अकराच्या आत चालू करायचा. जमलं तर सोमवारपासून ब्रेडच्या कारखान्यात नोकरी, नाही तर दोन वर्षं पाण्यात!

व्हर्लिनने मेन स्विच बंद करून त्याला आपलं लाल कुलूप ठोकलं. नियमच तसा, चुकून कुणी वीज सुरू करू नये म्हणून. ज्याचा हात यंत्रात, त्याचंच कुलूप आणि त्याचीच एकुलती एक किल्ली. जुन्या कारखान्यातून त्याने हे कुलूप, एवढी एकच वस्तू घरी आणली होती.

साडेदहाला तुटलेली वायर सापडली. ती जोडून, झाकण बसवून त्याने ऐटीत खिशात हात घातला. किल्ली नाही! दुसरा खिसा, तिसरा खिसा, टोपी, डबा, मोजेसुद्धा झाले.

"टेसा, कापून टाक गं ते!"

"कुलपाचा मालक इमारतीत असताना ते कापता येत नाही," परीक्षक टेसा प्रुइट म्हणाली. "तो बाहेर आहे, याची फोनवर खात्री करावी लागते."

"अगं, मालक तुझ्यासमोर उभा आहे!"

"तीच तर अडचण आहे. आणि घड्याळ थांबणार नाही, मिस्टर स्ट्राउड." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांच्या वेळी कुणी फोन केला नव्हता."

 टेसाचे बाबा, डेल, जुन्या कारखान्यात व्हर्लिनच्याच शेजारच्या यंत्रावर होते. ते जेवायला गेलेत असं समजून कुणीतरी त्यांचं कुलूप कापून यंत्र चालू केलं, आणि डेलची तीन बोटं गेली. तो हात व्हर्लिनने स्वतःच्या शर्टात गुंडाळला होता.

त्याने निमूटपणे कोट चढवला आणि बर्फ तुडवत फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. फोन वाजला.

"मिस्टर स्ट्राउड, आपण इमारतीत आहात का?"

"पोरी, खिडकीतून दिसतोय की मी तुला!"

"हो की नाही?"

"नाही."

"आपलं कुलूप कापायला परवानगी आहे?"

 सव्वीस वर्षं त्या कुलपाने त्याची दहाही बोटं सांभाळली होती.

"काप," तो कसाबसा म्हणाला, आणि धावत सुटला.

अकराला दोन मिनिटं असताना पट्टा हलला. सगळी पोरं टाळ्या वाजवू लागली. तेवढ्यात पट्ट्यावरून, एखाद्या पाहुण्यासारखी डौलात, किल्ली आली! वाकून काम करताना ती खिशातून आत पडली होती.

"यंत्रात वस्तू विसरली. दहा गुण वजा," टेसाने लिहिलं. तरी दोन गुणांनी व्हर्लिन पास झाला. टेसाने त्याला मिठी मारली, आणि दोघांनीही नाकं पुसली.

सोमवारी ब्रेडच्या कारखान्यात त्याला नवं कुलूप मिळालं. या वेळी त्याने किल्ली बुटाच्या नाडीलाच बांधली. संध्याकाळी जेवताना पाय पुढे करून तो बायकोला ती दाखवत होता, "आता हरवून दाखव म्हणावं!" इतक्यात कारखान्यातून फोन आला; तिथल्या यंत्रावर त्याचं नवं कुलूप अजून लटकतच होतं.

"मिस्टर स्ट्राउड, आपण इमारतीत आहात का?"