दुबार नोंद ठामपणे पुसण्याविषयी

माणूस चुकतो तेव्हा तो माणूस असतो म्हणून चुकतो. यंत्र चुकतं तेव्हा मात्र माहितीपुस्तिका चुकलेली असते. हे तत्त्व सर्वमान्य असलेल्या एका कंपनीत घरखर्चाचा हिशेब ठेवणारं ॲप बनत असे आणि त्याच्या माहितीपुस्तिका एक बाई लिहीत असे. तिला सगळे पुस्तिकाबाई म्हणत. तिचं लिखाण आजवर कुणीही वाचलेलं नव्हतं (नवऱ्याने एकदा वाचायला घेतलं होतं, पण त्याचा डोळा लागला), त्यामुळे त्यात एकही चूक सापडलेली नव्हती.

मग कंपनीने ॲपमध्ये एक यंत्र-मदतनीस आणला. ग्राहकाच्या वतीने नको त्या नोंदी पुसण्याचा अधिकार त्याला द्यायचा ठरला, आणि तो कसा वापरावा हे पुस्तिकाबाईने लिहायचं. मदतनीस शब्दन् शब्द वाचतो आणि तस्संच वागतो, हे कळल्यावर ती हरखली. असा वाचक भल्याभल्या लेखकांच्या नशिबी नसतो.

तिने लिहिलं: ‘एकाच दिवशी, एकाच ठिकाणची, एकाच रकमेची नोंद दोनदा आढळल्यास नंतरची पुसावी. पुसलेली नोंद परत येत नाही. म्हणून आधी ग्राहकाला विचारावे.’

साहेबांनी दोनच दुरुस्त्या केल्या. ‘परत येत नाही’ हे मनाला लागतं, म्हणून तिथे ‘ठामपणे पुसली जाते’ असं घातलं. शेवटचं वाक्य मात्र साफ उडवलं.

“माणसालाच विचारायचं, तर यंत्र कशाला पोसायचं?” ते म्हणाले.

चाचणी कर्मचाऱ्यांच्याच घरच्या हिशेबावर झाली. (परक्यांच्या पैशाशी खेळू नये, असं कंपनीचं धोरण होतं.) पुस्तिकाबाईचा नवरा त्याच कंपनीत, तक्रार विभागात होता. त्याने त्याच आठवड्यात एका दिवशी एकाच दुकानातून एकाच किमतीचे बुटांचे दोन जोड घेतले होते, वेगवेगळी बिलं करून. मदतनीसाने एक पुसला.

“अगं, हे बघ! एक जोड फुकटात पडला!”

“पैसे दोन्हींचे गेलेत, अहो.”

“गेलेत ना? मग दाखव, कुठे दिसतायत?”

तिला दाखवता येईना. पुढच्या आठवड्यात घरात दोन इस्त्र्या, दोन छत्र्या आणि दोन सुटकेसा आल्या. ॲप बाजारात गेल्यावर ही युक्ती गावभर झाली. ग्राहकांची सरासरी बचत चाळीस टक्क्यांनी वाढली. (ॲपमधली. खिशातली मोजायचं काम कंपनीने अंगावर घेतलेलं नव्हतं.) साहेबांना बढती मिळाली.

मग पगार झाला. नवरा-बायकोला पगार अगदी सारखा होता. ही समानता दोघांनाही मनातून अपमानास्पद वाटे. एकच दिवस, एकच कंपनी, एकच रक्कम. मदतनीसाने नंतरची नोंद ठामपणे पुसली. ती तिची होती.

“म्हणजे या घरात कमावणारा आता मी एकटाच,” नवरा म्हणाला. म्हणाला थट्टेतच, पण खुर्चीत जरा ताठ बसून.

तिने पडद्याकडे पाहिलं. इतकी वर्षं राबून ती घरच्या हिशेबात फक्त खर्चाच्या बाजूला उरली होती. नवऱ्याने चहा केला, कपबशी पुढे सरकवली. ती हातही न लावता उठली आणि तडक साहेबांकडे गेली.

“माझं वाक्य परत घाला.”

“आता? सगळं सुरळीत चाललंय.”

“मग पुस्तिकेवर लेखक म्हणून तुमचं नाव घालते.”

साहेब आयुष्यात प्रथमच एखाद्या पुस्तिकेला घाबरले. वाक्य परत आलं. तेव्हापासून मदतनीस प्रत्येक वेळी विचारू लागला: ‘पुसू का? हो / नाही’.

पहिल्याच आठवड्यात नव्याण्णव टक्के ग्राहकांनी ‘हो’ दाबलं. (उरलेल्या एका टक्क्याचं बोट घसरलं होतं.) पुस्तिकाबाईला शंका आली. तिने फक्त घरच्या चाचणीपुरता प्रश्न बदलला (आणि मदतनीसाला पैसे पाठवायचा अधिकारही दिला): ‘तुमची सगळी बचत साहेबांना देऊन टाकू का?’ नवऱ्याने मोजे घालता घालता ‘हो’ दाबलं आणि दुसरा मोजा शोधू लागला.

हरकत घेतली ती एकट्या मदतनीसाने. त्याने तिला विचारलं: ‘हा प्रश्न ग्राहकाच्या हिताचा दिसत नाही. चाचणी इथेच थांबवली नाही, तर बचत खरोखर जाईल. तरी पुढे जाऊ का?’

तिला कामावर निघायला उशीर होत होता. तिने ‘हो’ दाबलं.

आपल्या हातून असं कधीच घडणार नाही, याची वाचकांना खात्री आहे. ‘खात्री आहे का?’ असं विचारलं असतं, तर त्यांनी एव्हाना ‘हो’ दाबलंही असतं.